रकाना मोकळा सोडू नये

सगळा घोळ त्या प्रमाणपत्रामुळं झाला.

सत्त्याण्णव साली मी बारामतीला भिगवण रस्त्यावरच्या एका क्लासात तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला. कोर्समध्ये काय शिकलो म्हणाल, तर कॉम्प्युटरच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या आणि माउस उंदीर पकडल्यासारखा आवळून धरायचा नाही, एवढं पक्कं लक्षात राहिलं. बाकीचं परत येताना एसटीत सांडलं. पण शेवटी सोनेरी काठाचं प्रमाणपत्र मिळालं, आणि आमच्या सौभाग्यवतीनं, म्हणजे म्हाळसानं, ते काच लावून बाहेरच्या खोलीत दारासमोर टांगलं. "येणाऱ्याला बसल्याजागी दिसाय पायजे," असं तिचं म्हणणं. वीस वर्षं गणित शिकवून माझ्या नावाचं काहीही आजवर भिंतीवर लागलं नव्हतं, त्यामुळं मीही फार विरोध केला नाही.

ते बसल्याजागी दिसलं दादासाहेबांना.

दादासाहेब आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. संस्थेचं हायस्कूल एकच, लासुर्ण्याच्या पुढं धुळदेववाडीला, कालव्याच्या कडेला. चौऱ्याहत्तर साली ते सुरू झालं, म्हणजे नव्व्याण्णवला रौप्यमहोत्सव आला. जूनच्या एका रविवारी दादासाहेब त्याबद्दल बोलायला लासुर्ण्याला आमच्या घरी आले, चहाची बशी तोंडाला लावली, आणि बशीच्या काठावरून त्यांची नजर प्रमाणपत्रावर गेली ती तिथंच थांबली.

"सर, तुमी कांपुटर शिकलाय व्हय?"

"थोडंफार," मी म्हणालो. यात थोडंही खोटं होतं आणि फारही.

"मग झालं तर! पुण्यात एका कॉलेजानं येबसाईट काढलीया. जगात कुठंबी बसा आन् फारम भरा, की मी तुमच्या कार्यक्रमाला येनार. आपली पोरं काय कमी गेल्यात का बाहीर? सगळी बोलवू डिसेंबरात. तुमी हे घ्या हातात." मग बशी खाली ठेवून, सहज आठवल्यासारखं ते म्हणाले, "आन् पर्यवेक्षकाची जागा बी मोकळी होतीया दिवाळीनंतर. काम दिसलं की बोलाय बरं पडतं मला."

पर्यवेक्षकाला वेगळी खोली असते. खोलीला पंखा असतो. मी 'हो' म्हणालो.

आमच्या शेजारी सोनबा तात्या राहायचे. निवृत्त तलाठी. दोन घरांत एकच कमरेइतकी भिंत, त्यामुळं आमच्या घरातलं बोलणं त्यांना ऐकू जायचं आणि न ऐकलेलं म्हाळसा सांगायची. दादासाहेबांची जीप वळते न वळते तोच तात्या भिंतीवर कोपर टेकून उभे राहिले.

"नागेशराव, अर्जाचा नमुना कुनी करायचा?"

"बघू की तात्या. नाव, पत्ता, फोन. एवढंच तर पाहिजे."

तात्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं मी नववीतल्या ज्या पोराला पाढे येत नाहीत त्याच्याकडं पाहतो. "एकतीस वर्षं अर्ज घेतल्यात म्या. अर्ज म्हंजी काय गंमत हाय का? आधी नाव, बापाचं नाव, आडनाव. मग मुक्काम, पोस्ट. मग तालुका. तालुक्याबिगर मानूस आसतोय का?"

"नसतो," मी कबूल केलं.

"मग जिल्हा. पिनकोड, सहा आकडी. फोन, पाच आकडी. दहावी कंच्या साली पास झाला ते साल, म्हंजी आपला हाय का उपरा हाय ते कळतं. आन् म्हत्त्वाचं काय, तर रकाना मोकळा सोडायचा न्हाय. मोकळा रकाना दिसला की अर्ज परत."

माझ्यातल्या गणिताच्या मास्तरालाही हे पटलं. पायऱ्या न लिहिता नुसतं उत्तर लिहिणाऱ्याला मी तरी कुठं मार्क देतो? तात्यांनी नातवाच्या वहीचं पान फाडून, पट्टीनं आखून नमुना काढून दिला. खाली 'अर्जदाराची सही अथवा अंगठा' होतं, ते मी मोठ्या मिनतवारीनं काढायला लावलं.

हा कागद घेऊन मी बारामतीला योगिनी मॅडमकडं गेलो. योगिनी मॅडम म्हणजे मी जिथं कोर्स केला त्या क्लासच्या मालकीणबाई. वय तिशीच्या आसपास, बोलणं शांत, आणि समोरच्याला काही कळलेलं नाही हे तिला कळलं तरी चेहऱ्यावर न दाखवण्याची मोठी सभ्यता. तिनं कागद पाहिला. मग जरा वेळ पंख्याकडं पाहिलं.

"सर, हे सगळंच सक्तीचं ठेवायचं?"

"सगळं."

"ठीक आहे. फॉर्म तपासायच्या जागा दोन असतात. एक म्हणजे भरणाऱ्याच्याच कॉम्प्युटरवर. आपल्या पानातच छोटी स्क्रिप्ट लिहायची. काही राहिलं तर लगेच समोर चौकट उघडते आणि फॉर्म जागचा हलत नाही. दुसरी जागा सर्व्हरवर. आपलं पान अमेरिकेतल्या एका कंपनीच्या कॉम्प्युटरवर असेल, ते लोक फुकट जागा देतात. तिथं एक वेगळा प्रोग्रॅम आलेला फॉर्म हातात घेतो, पुन्हा तपासतो, एकच फॉर्म दोनदा आलाय का बघतो, मला ई-मेलनं पाठवतो, आणि भरणाऱ्याला सांगतो की बाबा, मिळाला."

"एकदा तपासलेली वही मी पुन्हा तपासत नाही," मी म्हणालो. "एक तपासणी पुरे. पुढचं काम नुसतं पोचवायचं."

"दुसरी जास्त महत्त्वाची असते, सर."

"मॅडम, चारची गाडी आहे माझी."

माणसाच्या आयुष्यात अशी काही वाक्यं असतात की जी नंतर परत घ्यावीशी वाटतात. हे त्यातलं एक. योगिनी मॅडमनं मान हलवली आणि सांगितलं तेवढंच केलं. सर्व्हरवरचा प्रोग्रॅम आला फॉर्म की तिच्याकडं ढकलून द्यायचा आणि गप्प बसायचा. पानावरची स्क्रिप्ट मात्र तात्यांच्या शिस्तीची झाली. शिवाय त्या चौकटीत मराठी अक्षरं उमटत नव्हती, म्हणून सगळ्या सूचना इंग्रजी अक्षरांत मराठी. 'कृपया तालुका निवडा' हे इंग्रजीत लिहिलेलं वाचताना माणूस दोनदा अडखळतो आणि तिसऱ्यांदा चिडतो.

उद्घाटनाला दादासाहेब स्वतः क्लासात आले. सोबत हार, नारळ आणि संस्थेचे तीन संचालक. इंटरनेट लावायचं म्हणजे बारामतीहून पुण्याला फोन लागायला हवा. तो सातव्या प्रयत्नाला लागला, तोवर नारळ मोडेमशेजारीच फोडून झाला होता आणि योगिनी मॅडम रुमालानं मोडेम पुसत होती. दादासाहेब खुर्चीत बसले. एका बोटानं, एक एक अक्षर शोधत, त्यांनी 'दादासाहेब' असं लिहिलं आणि बटण दाबलं.

चौकट उघडली.

"काय म्हनतंय?" दादासाहेबांनी विचारलं.

मी वाचलं. "पूर्ण नाव लिहा."

संचालक कॅलेंडर पाहू लागले.

"मला इचारतंय? पूर्ण नाव?" दादासाहेब माझ्याकडं वळले. "सर, इंदापूर तालुक्यात आजवर कुनी मला पूर्ण नाव इचारलं न्हाय. कलेक्टरनं न्हाय इचारलं."

"ते अमेरिकेत आहे ना, अध्यक्ष. त्याला ओळख नाही," मी म्हणालो.

हे मात्र त्यांना पटलं. "व्हय, तिकडं कुठलं आपलं नाव," म्हणत त्यांनी सगळे रकाने भरले, तालुका इंदापूर निवडला, आणि फॉर्म गेला. टाळ्या झाल्या. मग मी भरून पाहिला, गेला. संचालकांनी भरले, तेही गेले. एवढ्या चाचण्यांनंतर शंका घ्यायला जागाच नव्हती.

त्यानंतर दोन महिने एकही फॉर्म आला नाही.

जुलै गेला. ऑगस्ट गेला. मी दर शनिवारी शाळेच्या फोनवरून योगिनी मॅडमला विचारायचो आणि ती दर शनिवारी तितक्याच सभ्यतेनं 'नाही सर' म्हणायची. स्टाफरूममध्ये मी शिरलो की पी.टी.चे गावडे सर मोठ्यानं विचारायचे, "काय मारकड सर, अमेरिका काय म्हणते?" म्हाळसानं प्रमाणपत्राची काच पुसणं थांबवलं. तात्या भिंतीवरून धीर द्यायचे, "येत्याल. कागदपत्रं गोळा करत आसत्याल."

सप्टेंबरमध्ये एका दुपारी शिपाई वर्गात बोलवायला आला, परदेशातून फोन आहे म्हणून. मी खडू हातात घेऊनच पळालो. फोनवर ऋषिराज होता, नव्वद सालच्या बॅचचा, आता न्यू जर्सीत.

"सर, एक विचारू? मी कुठल्या तालुक्यात राहतो?"

"म्हणजे?"

"तुमचा फॉर्म विचारतोय सर. बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर, यांतलं एक निवडल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही. मी इंदापूर टाकला. मग म्हणाला पिनकोड सहा आकडी. आमच्याकडं पाचच आकडे असतात. मी पुढं एक शून्य टाकलं. मग म्हणाला फोन नंबर पाच आकडी. आता पाच आकडे मी कोणते काढू? सर, माझी बायको बाजूला बसून हसतेय तीन दिवस."

मी फोन ठेवला आणि तिथंच स्टुलावर बसलो. गणिताचा मास्तर असून मला हे आधी दिसायला हवं होतं. आमचा फॉर्म फक्त आमच्या भागातला माणूस भरू शकत होता, आणि आमच्या भागात कॉम्प्युटर कुणाकडं नव्हता. ज्यांच्याकडं कॉम्प्युटर होता ते आमच्या भागात नव्हते. दोन्ही अटी पाळणारे जगात आम्ही पाचच जण होतो, आणि उद्घाटनाला येऊन गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बारामती. एसटी भवानीनगरला बिघडलेल्या ट्रकमागं पाऊण तास अडकली, तेवढ्या वेळात माझा राग पिकला. क्लासात शिरल्या शिरल्या मी म्हणालो, "मॅडम, ती सगळी तपासणी काढून टाका."

"सगळी नको, सर. परदेशातल्यांसाठी बदलू या. नाव आणि ई-मेल तरी सक्तीचं ठेवू."

"काही नको. ज्याला जे भरायचं ते भरू दे. दोन महिने मला तोंड दाखवायला जागा राहिलेली नाही."

"पण सर, आत सर्व्हरवरही काही तपासणी नाही. तिथं मग काहीही येईल. आणि बटण दाबल्यावर भरणाऱ्याला काहीच दिसत नाही, पान तसंच राहतं. तेवढं एक उत्तराचं पान तरी लिहू द्या मला, तासाचं काम आहे."

"लिहा," मी म्हणालो.

तिनं तपासणी काढली, पान अमेरिकेत चढवलं, उत्तराचं पान लिहायला घेतलं आणि वीज गेली. आम्ही दोघं अंधाऱ्या पडद्याकडं पाहत बसलो. दीड तासानं मी उठलो. "राहू दे मॅडम. उत्तर काय, आम्ही कार्यक्रमातच देऊ." पुढं तिच्या क्लासच्या परीक्षा आल्या, माझ्या सहामाहीच्या वह्या आल्या, आणि ते पान राहून गेलं.

पण फॉर्म! पहिल्याच शनिवारी योगिनी मॅडमच्या क्लासातून निरोप आला, अकरा. पुढच्या शनिवारी साठ. मॅडम सासूबाईंच्या आजारपणासाठी साताऱ्याला गेली होती, क्लासातली एक मुलगी फोन घ्यायची आणि नुसता आकडा सांगायची. दिवाळीला एकशे ऐंशी. नोव्हेंबर सरता सरता तीनशे बारा.

मी तो आकडा सभेत सांगितला तेव्हा दादासाहेब खुर्चीतून उठले. "तीनशे! आन् संगं बायकापोरं धरा. हजार पानं उठनार!" मंडप दुप्पट झाला. आचारी बदलला, कारण पहिल्याला हजार पानांची सवय नव्हती. बारामतीच्या एका साप्ताहिकात बातमी आली, 'परदेशस्थ तीनशे माजी विद्यार्थी धुळदेववाडीत'. शेळगावपासून पणदऱ्यापर्यंत लोक मला थांबवून विचारू लागले, गोरी माणसं पण येणार का. गावडे सर माझ्यासाठी चहा सांगू लागले. म्हाळसानं काच पुन्हा पुसली. तात्यांनी सगळीकडं सांगितलं की अर्जाचा नमुना त्यांचा होता.

दादासाहेब म्हणाले, "सर, खोलीला रंग कंचा द्यायचा ते बघून ठेवा."

मी फिकट हिरवा ठरवला.

कार्यक्रमाला आठ दिवस असताना पाहुण्यांच्या छातीवर लावायच्या नावाच्या चिठ्ठ्या करायच्या म्हणून मी सगळे फॉर्म छापून आणायला बारामतीला गेलो. मॅडम अजून साताऱ्याहून आली नव्हती. त्या मुलीनं सुतळीनं बांधलेला गठ्ठा दिला. गाडीत खिडकीची जागा मिळाली. मी मांडीवर गठ्ठा सोडला.

पहिला कागद कोरा होता. नाव, पत्ता, फोन, सगळ्यासमोर काहीच नाही. छपाईत गफलत झाली असेल म्हणून दुसरा घेतला. तोही कोरा. तिसऱ्यावर नावाच्या जागी 'अबकड' होतं, गाव 'अबकड', दहावी 'अबकड'. क्लासातल्या मुलींनी सराव केला होता. पुढं पुन्हा कोरे. नुसतं बटण दाबून बघणारे जगात इतके असतील असं मला वाटलं नव्हतं. मग एक भरलेला आला. सिद्धू बिरदेव करे, मस्कत. मला बरं वाटलं. पुढचा कागद, सिद्धू बिरदेव करे, मस्कत. त्यापुढचा, सिद्धू बिरदेव करे.

गाडी बारामतीच्या बाहेर पडेपर्यंत मी एकवीस सिद्धू मोजले होते.

फॉर्मच्या तळाला 'इतर काही' असा एक रकाना योगिनी मॅडमनं स्वतःहून ठेवला होता. सिद्धूनं त्यात लिहिलं होतं, इंग्रजी अक्षरांत मराठी. पहिल्यात होतं, 'आदरणीय मारकड सर, मी इथं कोल्ड स्टोरेजमध्ये स्टोअरकीपर आहे. जेवणाच्या सुट्टीत साहेब कॉम्प्युटर वापरू देतात, ई-मेल पत्ता त्यांचाच दिला आहे. कार्यक्रमाला येणार. सोबत कोणी नाही.' तोच मजकूर लागोपाठ सहा वेळा. मग दुसऱ्या दिवशीच्या तारखेला, 'सर, फॉर्म मिळाला का?' पुन्हा पुन्हा. नंतर, 'बटण दाबल्यावर काही होत नाही. म्हणून परत पाठवत आहे. कृपया राग नसावा.'

पिंपळी गेली. भवानीनगर आलं. मी वाचत होतो.

'सर, आधी दहावीचं साल लिहिल्याशिवाय फॉर्म जात नव्हता. आता जातो असं वाटतं, पण उत्तर येत नाही. तो रकाना मी मोकळा सोडला आहे. कारण आपणास माहीत आहे.'

मला माहीत होतं. मेंढरं राखणाऱ्या घरातला पोरगा, खिडकीजवळचा तिसरा बाक, अक्षर सुरेख. चौऱ्याऐंशीला गणितात चार गुणांनी गेला. पुढच्या वर्षी पुन्हा बसला, पुन्हा गेला, तेव्हा तो शाळेत मला विचारायला आला होता की तिसऱ्यांदा बसू का. माझ्या हातात कसलीतरी यादी होती. मी मान वर न करता म्हणालो होतो, "तुझ्यानं व्हायचं नाही. दुसरं काहीतरी बघ."

पुढच्या एका फॉर्मवर त्यानं साल लिहिलं होतं, एकोणीसशे चौऱ्याऐंशी. आणि त्याच्याच पाठोपाठचा, 'सर, मघाशी साल लिहिलं ते खोटं आहे. तो फॉर्म फाडून टाकावा.' मग आठवडाभर काही नाही. मग, 'नापास लोक घेत नसाल तर तसं स्पष्ट कळवावं. मी वाईट वाटून घेणार नाही.' हे वाक्य चाळीस वेळा तरी होतं. शेवटच्या कागदावर एकच ओळ, 'सर, रजा मिळाली आहे. येऊन बघतो.'

माझा थांबा मागं गेला. कंडक्टरनं मला अंथुर्ण्याला उतरवलं, तिथून गठ्ठा बगलेत घेऊन मी उलट्या गाडीची वाट पाहत बसलो आणि हिशोब केला. सिद्धूचे एकशे एक्क्याण्णव. कोरे शंभरावर. अबकड बारा. खरी माणसं, सिद्धू सोडून, सात.

सांगायला दादासाहेबांकडं गेलो तेव्हा ते वाड्याच्या ओट्यावर मंडपवाल्याशी बोलत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मंडपवाल्याला बाहेर पाठवलं.

"म्हंजी तीनशे न्हाय?"

"नाही. आठ."

"बायकापोरं धरून?"

"धरून चौदा."

दादासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग अगदी हळू म्हणाले, "सर, त्या यंत्राला एकच मानूस दोनशे येळा आला तर वळखता येत न्हाय? आमच्या गेटवरच्या म्हाताऱ्याला येतं."

"त्याला ओळखायला सांगायला हवं होतं, अध्यक्ष. मॅडम सांगायला तयार होत्या. मी नको म्हणालो."

"का?"

"चारची गाडी होती."

पर्यवेक्षकाची जागा दुसऱ्या दिवशी गावडे सरांना मिळाली. खोलीला त्यांनी गुलाबी रंग दिला. तात्या भिंतीवरून म्हणाले, "तपासनी काढली तितंच घात झाला. मी आसतो तर..." म्हाळसानं त्यांना पहिल्यांदाच सांगितलं, की तात्या, आत जावा. मी योगिनी मॅडमला साताऱ्याला फोन लावून मस्कतला ई-मेल पाठवायला सांगितली, 'मिळाला. ये.' तिनं पाठवली. पण तोवर सिद्धू निघालेला असावा, कारण उत्तर आलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मी सकाळपासून मंडपाच्या दारात, कुणी काही विचारू नये अशा बेतानं, खांबाआड उभा होतो. पण मंडप भरला. बातमी वाचून शेळगाव, लासुर्णे, अंथुर्णे, सगळीकडून माणसं तीनशे परदेशी बघायला आली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून. सातांपैकी पाच आले होते. ऋषिराजला रजा मिळाली नव्हती.

अकराच्या सुमाराला मला कालव्याच्या पुलाच्या कठड्यावर एक माणूस बसलेला दिसला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायाशी बॅग, केस कानावर पांढरे झालेले. बराच वेळ तो मंडपाकडं बघत होता, येत नव्हता. मी तिकडं गेलो. तो उठून उभा राहिला.

"सिद्धू?"

"व्हय सर." तो वाकला. "फॉर्मचं काय कळलं न्हाय, म्हनून हितंच थांबलो. आत चालंल का?"

"चल," मी म्हणालो.

मंडपात शिरतो तोच दादासाहेबांनी आम्हाला पाहिलं आणि बॅगेवरून मस्कतचा माणूस हाच, हे ओळखलं. तीनशे परदेशी येणार म्हणून सांगून बसलेल्या दादासाहेबांना व्यासपीठावर उभं करायला कुणीतरी परदेशातलं हवंच होतं. मी काही सांगायच्या आत त्यांनी माइकवरून जाहीर केलं, "आपल्या शाळंचे यशस्वी विद्यार्थी, खास मस्कतवरनं आलेले!" आणि सिद्धूला हाताला धरून वर नेलं. सिद्धूनं माइक दोन्ही हातांनी धरला.

"नमस्कार. मी हितं दहावीपर्यंत शिकलो. यशस्वी न्हाय. नापास हाय. दोनदा." त्यानं मंडपामागच्या इमारतीकडं पाहिलं. "पर शाळा हीच. दुसरी कुठली मला न्हाय. म्हनून आलो."

मग मागून, ट्रॉलीजवळून, दुधाच्या टँकरवरचा एक ड्रायव्हर ओरडला, "आमी बी हाय रं, सिद्धू! अठ्ठ्याऐंशी!" हशा पिकला. "आन् मी, एक्क्याऐंशी!" बायकांतून प्रयागबाई नावाची, आता सरपंच असलेली बाई उठून उभी राहिली, "मला काय इसरता व्हय?" मग माणसं उभी राहायला लागली. मोजायची माझी सवय जात नाही, पण मी दीडशेच्या पुढं सोडून दिलं.

दादासाहेबांनी माइकवर पंजा धरला आणि माझ्याकडं वाकले.

"सर, ह्यातलं तुमच्या इषयात किती?"

मी एकेक चेहरा पाहिला. "बहुतेक सगळे, अध्यक्ष."

"आन् आपन अमेरिकेतनं बोलवत हुतो, सातजन." ते पंजा काढून माइकवर म्हणाले, "सगळ्यांनी जेवून जायचं. हजार पानांचा सैपाक हाय. एकबी मानूस उपाशी गेला तर बघा."

मी दमलो होतो. पंगतीत सिद्धूनं मला स्वतःशेजारी जागा धरून ठेवली होती, पलीकडं तो टँकरवाला. वरण-भात झाला. सिद्धू खाली बघून म्हणाला,

"सर, माझी कागदं वाचली तुमी?"

"वाचली."

"किती?"

"एकशे एक्क्याण्णव."

तो थोडा वेळ जेवत राहिला. "मग उत्तर का न्हाय दिलं?"

सांगण्यासारखं माझ्याकडं पुष्कळ होतं. वीज गेली होती. प्रोग्रॅम अर्धा राहिला होता. बटणाचा दोष. सर्व्हर अमेरिकेत.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "फॉर्मचंही. आणि तू तिसऱ्यांदा बसू का म्हणून विचारायला आला होतास, तेव्हाही."

टँकरवाल्यानं घास हातात धरून आमच्याकडं पाहिलं. सिद्धूनं पानातलं मीठ डाव्या बाजूला सरकवलं, पुन्हा उजव्या बाजूला सरकवलं. मग त्यानं मान वर करून वाढप्याला हाक मारली, "ए भाऊ, सरांच्या पानात जिलबी वाढ. दोन वाढ."

डॉक्टरांनी माझं गोड दोन वर्षांपूर्वीच बंद केलेलं होतं. पण मी पानावर हात आडवा धरला नाही.